यानाचा हिशेब कोण तपासतं?

प्रश्न : चांद्रयान-३ सुमारे ६०० कोटींत झालं, याचं कौतुक सगळीकडे वाचलं. पण असा खर्च योग्य झाला की नाही, हे तपासतं कोण? रॉकेटमधलं लेखापरीक्षकाला काय कळणार? (एक शिक्षिका)

उत्तर : बाई, रॉकेटमधलं काहीही कळत नाही. माझी उभी हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली. अंतराळ खात्याचे नव्हेत, पण तऱ्हा तीच. आम्ही यंत्र उघडून बघत नाही, फाइल उघडतो आणि आधी तारखा बघतो.

इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स. तिने २८ जानेवारी २००५ रोजी देवास या खासगी कंपनीशी करार केला. दोन उपग्रहांची बहुतेक क्षमता देवासला भाड्याने द्यायची होती. त्यातल्या पहिल्या, म्हणजे जीसॅट-६ च्या मंजुरीचं टिपण मंत्रिमंडळाकडे गेलं त्याच वर्षी नोव्हेंबरात. त्यात या कराराचा उल्लेखच नव्हता! उपग्रह मंजूर झाला. पुढे २०११ मध्ये सरकारने करार रद्द केला, आणि २०१२ मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालाने सगळं संसदेपुढे मांडलं. जानेवारी आधी की नोव्हेंबर, हे कळायला इंजिनिअर कशाला लागतो?

या खात्याची घडणही जरा वेगळी आहे. ते थेट पंतप्रधानांकडे असतं. इस्रोचा अध्यक्ष, खात्याचा सचिव आणि अंतराळ आयोगाचा अध्यक्ष ही एकच व्यक्ती. म्हणजे पैसा मागणारा आणि मागणीवर सही करणारा एकाच खुर्चीत. कामाला झपाटा येतो तो त्यामुळेच, हे मी नाकारत नाही. आयोगावर अर्थ सदस्य असतो, संसदेची स्थायी समिती दरवर्षी खात्याच्या पैशाच्या मागण्या तपासते. लोकसभेत मात्र बऱ्याच खात्यांच्या मागण्या वेळ संपला म्हणून चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर अर्थसंकल्पाच्या कागदांत अंतराळ खात्याचं पान काढा. २०२३-२४ ची मूळ तरतूद सुमारे १२,५४४ कोटी, सुधारित अंदाज सुमारे ११,०७० कोटी. चंद्रावर उतरलो त्याच वर्षी जवळजवळ दीड हजार कोटींची घट. पेपरात मथळा होतो तो पहिल्या आकड्याचा. दुसरा पुढच्या फेब्रुवारीत शेजारच्या रकान्यात गुपचूप छापलेला असतो.