रोज एक स्तोत्र, ते पण मोठ्यानं

बाळा, बायबल वाचायचं तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करून लेवीय या तिसऱ्यापाशी दमू नकोस, आधी मार्कचं शुभवर्तमान घे, 16च अध्याय आहेत, आणि सोबत बायबलच्याच स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र. 150 स्तोत्रं, रोज पाच म्हटली तर महिन्यात संपतात खरी पण तुला घाई कशाला? 23वं घे, मेंढपाळाचं, हळू मोठ्यानं म्हण आणि जिथं मन अडकेल तिथंच थांब, तीच ओळ देवाला परत सांग. आमच्या खानापूरकडं पावसात लाईट गेली की मी अंधारात बसून तेच म्हणतो, आई गेली त्या रात्री पण तेच होतं ओठावर, म्हणून पाठ कर म्हणतोय. कन्नड येत असेल तर त्यातही वाच, अर्थ जास्त उघडतो. 119वं 176 वचनांचं आहे, ते आठ-आठ करून घे, मुळात त्याची रचनाच तशी आहे. एखादा दिवस चुकला तर मागचं भरत बसू नको, आजचं वाच.