घरी येतं, मग पेपरात काय होतं?

प्रश्न: मॅडम, आम्ही भांडुपला राहतो, मुलगी दहावीला आहे. घरी गणितं फटाफट सोडवते आणि क्लासच्या टेस्टला बसली की ब्लँक! परवा तर चक्क ३ × ४ = ७ लिहून आली. मी म्हटलं अगं पाढे तरी नीट लिही, तर रडायलाच लागली. प्रिलिम तोंडावर आलीय. अभ्यास केल्याचं नाटक करते का ही? पेपरचा फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर: ताई, नाटक नाही हो. फोटो पाठवलात ते बरं केलंत. गणित वर्गसमीकरणाचं आहे, म्हणजे असे दोन आकडे शोधायचे की गुणाकार १२ आणि बेरीज ७. तिने ३ आणि ४ बरोब्बर शोधलेत, फक्त लिहिताना गुणाकाराच्या जागी बेरीज उतरली. पाढे कच्चे असते तर तिथवर पोचलीच नसती.

होतं काय, की दोन-तीन गोष्टी एकदम डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते, वर्किंग मेमरी म्हणतात तिला, ती मुळातच वन रूम किचनएवढी, आणि 'मार्क गेले तर, आई काय म्हणेल' हे पाहुणे नेमके तिथेच ठाण मांडून बसतात, मग गणिताने बसायचं कुठे? त्यात ही जागा सांभाळणारा कपाळामागचा मेंदू विशी ओलांडली तरी पुरता तयार झालेला नसतो, ही तर पंधराची पोर. थोडी धाकधूक हवीच, नाहीतर पुस्तक कोण उघडतंय, पण ती वाढली की मुलं एकाच पायरीवर अडकतात, दुसरी पद्धत सुचत नाही, नुसती खाडाखोड. खालच्या गणितात कागद फाटेपर्यंत खोडलंय बघा. आणि मनातल्या मनात पटापट हिशेब करणाऱ्या हुशार मुलांना हा फटका जास्त बसतो, कारण त्यांची सगळी भिस्त त्याच जागेवर.

एक करून बघा. २०११ साली अमेरिकेत रामिरेझ आणि बायलॉक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या जरा आधी मुलांना १० मिनिटं मनातली भीती कागदावर लिहायला लावली, तर जास्त घाबरणाऱ्यांचे मार्क सुधारले. खर्च एका पाठकोऱ्या कागदाचा. तिने लिहिलेलं तुम्ही वाचायचं नाही हं! बाकी गणिताची प्रत्येक पायरी कागदावरच, आणि घरचा सराव पलंगावर लोळत नको, घड्याळ लावून टेबलाशी.

झोप उडालीय, जेवण तुटलंय, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं असं काही असेल तर मात्र प्रिलिम संपायची वाट बघू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

आणि ते पाढ्यांचं वाक्य, पेपरच्या दिवशी सकाळी तरी चहाबरोबर गिळून टाका.