आईच्या मणक्याचं ऑपरेशन महिन्याभराने आहे. तिला मिश्रीची सवय आहे. घरी काय तयारी करावी?

तारीख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनचा फायदा हाच, की हातात वेळ असतो. आईंना मिश्रीची सवय आहे म्हणता, तर ती आजच बंद. स्क्रू घालून मणके जोडणार असतील तर मिश्रीतल्या निकोटिनमुळे हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. बायकांना मिश्री ‘तंबाखूत’ मोजायची सवय नसते, म्हणून डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. साखर चढलेली असली की जखम चिघळायची भीती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील, मनाने बंद करू नका. आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा दाखवा.

सगळ्यात उपयोगी पडते ती पलंगावरून नीट उठण्याची सवय. माझ्या सासूबाईंकडून आम्ही आठवडाभर आधीपासून करून घेतली: गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायची, पाय पलंगावरून खाली सोडत हाताच्या रेट्याने उठून बसायचं. नंतर कळा येत असताना हे शिकवायला गेलं की माणूस चिडतो.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. वाकावं लागू नये म्हणून खालच्या कप्प्यातले डबे ओट्यावर काढून ठेवा.