सात फुटी, मीडियम हेवी घ्या, पण एकसंध रॉड मागवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुमचे मोठे भाऊ डॅलसला असतात, दिवाळीत नागपूरला येताना तुमच्यासाठी एक बेटकास्टिंग रॉड, म्हणजे वरच्या बाजूला रीळ (दोरा गुंडाळायची चकरी) बसणारा मासेमारीचा रॉड, आणणार आहेत. पुढेमागे तुम्ही तिकडे गेलात तर त्यावर बास हा तिकडचा मासा धरायचा आणि एरवी इथल्या तलावांवर मरळ. रॉड एकच हवा. त्याखाली बहुतेकांनी सांगितलंय की सात फुटी, मीडियम हेवी (मध्यमपेक्षा जरा जास्त ताकदीचा), फास्ट अ‍ॅक्शन (मुख्यतः टोकाकडेच वाकणारा) आणि एकसंध (न निघणारा, एकाच तुकड्याचा) घ्या. पहिल्या तीन गोष्टींना माझा पूर्ण पाठिंबा आहे. चौथीवर मात्र मी बरंच सोसलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

नोकरीनिमित्त काही वर्षं टेक्सासात होतो, तिथेच बासचा नाद लागला. परत आल्यावर मरळीच्या मागे लागलो. त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव आहे. कुठल्याही कंपनीशी किंवा दुकानाशी माझा संबंध नाही. रीळ लावणं, गाठी वगैरे तुम्हाला येतंच असेल असं धरून चालतो.

एक रॉड दोन्हीकडे चालेल का? चालेल, आणि छान चालेल. बास हा काही राक्षसी मासा नाही. त्याचा जागतिक विक्रमच दहा किलोंच्या आसपास आहे. तो 1932 मध्ये जॉर्जियात झाला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. नेहमी हाताला लागतो तो किलो-दीड किलोचा. आपली मरळही साधारण त्याच मापाची. दोघंही झाडोऱ्यात दबा धरून बसतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर तुटून पडतात. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे कमळाच्या पानांत, शिंगाड्याच्या वेलांत, काठाच्या बेशरमच्या झुडपांत ती कुठे आहे ते कळतं. तिथून तिला ओढून काढायचं तर रॉडच्या खालच्या भागात दम हवा. तिचं तोंडही हाडाचं, मिळमिळीत झटक्याने गळ रुतत नाही. म्हणून मीडियम हेवी. तिकडे बाससाठी वापरतात ती टेक्सास रिग, जिग, स्पिनरबेट ही सगळी आमिषं याच रॉडवर चालतात. फक्त छोटे क्रँकबेट (माशाच्या आकाराची कडक आमिषं) आणि सात ग्रॅमच्या खालचं काही त्यावर नीट फेकलं जात नाही. त्याचा नाद सोडा. एका रॉडने सगळं होतं असं जो सांगतो तो दुकानदार असतो.

आता लेबलाबद्दल. ‘मीडियम हेवी’ या शब्दांना सगळ्या कंपन्यांना लागू असं कुठलंही मोजमाप नाही. एकाचा मीडियम हेवी दुसऱ्याच्या मीडियमसारखा लवचिक निघतो. म्हणून शब्द सोडा आणि रीळ बसते त्याच्या जरा वर छापलेले आकडे वाचा. ल्युअरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वजन पाव ते एक औंस, म्हणजे सात ते अठ्ठावीस ग्रॅम, असं असेल तर बिनधास्त विकत घ्या. आपले पोकळ रबरी बेडूक साधारण चौदा ते अठरा ग्रॅमचे असतात. ते या पट्ट्याच्या बरोबर मधे बसतात आणि रॉड मधल्या वजनालाच सगळ्यात चांगला फेकतो. तीन अष्टमांश औंसापासून सुरू होणारा रॉडही चालेल. अर्ध्या औंसापासून सुरू होणारा नको, तो निव्वळ बेडकाचा रॉड झाला.

आता एकसंध रॉडबद्दल.

परत यायचं ठरल्यावर माझा आवडता एकसंध रॉड मी कुरिअरने पाठवला. विमानात सोबत आणणं जमणार नव्हतं. चेक-इन सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरची मर्यादा बहुतेक विमान कंपन्या पाळतात, आणि सात फूट म्हणजे एकट्या लांबीतच 213 झाले. काही कंपन्या खेळाच्या सामानाला वेगळा नियम लावतात, पण पुढे देशांतर्गत विमान बदलायचं असलं की तिथला काउंटर तो नियम मानेलच असं नाही. कुरिअरचं पार्सल नागपुरात आलं, कस्टम ड्यूटी भरली, आणि ऑफिसातून फोन आला की घेऊन जा. गेलो तर रॉड ठेवलेल्या नळीच्या एका टोकाचं झाकण आत दबलेलं आणि त्यावरून पट्टी फिरवलेली. पट्टी आमची नव्हती, तिच्यावर त्यांचाच छाप होता. मी म्हटलं, उघडून बघतो आणि मग सही करतो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, आधी सही, नाहीतर पार्सल परत जाईल. ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे वाक्य पावतीवर आधीच छापलेलं. खाली शेरा लिहू द्या म्हटलं तर तेही नाही. त्याच्या साहेबाला भेटायचं म्हटलं तर साहेब जेवायला गेलेले.

सही केली, तिथेच काउंटरसमोर नळी उघडली. दोरा ओवायच्या शेवटच्या दोन कड्यांच्या मधे रॉड मोडलेला. कार्बनचे तंतू दातेरी काडीसारखे बाहेर आलेले आणि टोक नुसत्या वार्निशच्या पापुद्र्यावर लोंबकळत होतं. त्या माणसाने तो बघितला आणि म्हणाला, सही झाली ना आता. पुढे किती फेऱ्या मारल्या, किती ईमेल लिहिले. प्रत्येक उत्तरात त्याच सहीचा फोटो. ज्याने माल उघडूच दिला नाही, तोच मालाच्या स्थितीचा पुरावा म्हणून माझी सही दाखवतो. हे मला आजही पटत नाही आणि पटणारही नाही.

रॉडला आजीवन वॉरंटी होती. रॉड बनवणारे सभ्यपणे बोलले, पण मोडका रॉड अमेरिकेतल्या पत्त्यावर आणि आपल्या खर्चाने पाठवा म्हणाले, बदली रॉडही तिथल्याच पत्त्यावर मिळणार. लांब पार्सलचं एका बाजूचं भाडं नव्या रॉडच्या किमतीच्या वर जात होतं. म्हणजे नागपुरातल्या माणसाला त्या वॉरंटीचा उपयोग शून्य. भावाला सांगा, वॉरंटीपायी जास्त पैसे देऊ नका, तेच पैसे रिळीत घाला.

म्हणून माझं ठाम मत आहे की दोन समान तुकड्यांचा रॉड घ्या. सात फुटी रॉडचा तुकडा 107 सेंटिमीटरच्या आसपास येतो. तो नळीत घातला तरी 158 च्या आत बसतो आणि भावासोबतच येतो. मधे कुठलं ऑफिस नाही, कुठली पावती नाही. इथे एक मेख आहे. काही रॉड ‘टू पीस’ म्हणून विकले जातात, पण त्यांची फक्त मूठ निघते. वरचा तुकडा सहा फुटांच्या जवळपास लांबच राहतो. ऑर्डर देण्याआधी बंद लांबी किती ते बघायला सांगा. तीन-चार तुकड्यांचे प्रवासी रॉडही चालतील.

जोडामुळे हाताला कळणारी संवेदना कमी होते, असं तुमच्या पोस्टखाली एकाने लिहिलंय. कागदावर खरं असेल. बेडकावर मरळ आली की पाण्याला भगदाड पडतं, ते डोळ्यांनी दिसतं. तळाशी जिग ओढताना थोडा फरक पडत असेल, मला तरी त्यापायी मासा गेल्याचं आठवत नाही. जोडावर साधी मेणबत्ती हलकी घासा, कड्या एका रेषेत आणा आणि अधूनमधून हाताने दाबून बघा, फेकता फेकता जोड सैल होतो.

नळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि दोन झाकणं घ्या. भाऊ तिकडे तसलाच तीन इंची घेतील. टोकाच्या बाजूला एखादा जुना पायमोजा कोंबा, रॉड आत हलता कामा नये. घरी आल्यावर छताच्या पंख्याखाली रॉड जोडू नका. मे महिन्यात गाडीत रबरी ल्युअर ठेवू नका, चिकटून एक गोळा होतो.

आणि हे गमतीत घेऊ नका, कार्बनमधून वीज वाहते. कोराडी, खापरखेड्याकडे, कन्हानच्या काठाने उच्चदाबाच्या तारा जातात, त्यांच्या खाली फेकायला उभे राहू नका. आकाश गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून पाळीवरून उतरा. आपल्याकडे दर पावसाळ्यात वीज पडून माणसं जातात.

परवानगीचंही बघा. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. संस्थेच्या माणसांना आधी भेटा, चहा घ्या, सांगून बसा. त्यांचं पोट त्यावर आहे. पेंचच्या जंगलातल्या पाण्याकडे तर वळूच नका. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर पुंजका पृष्ठभागावर दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला की ते नक्की धावून येतात, आणि म्हणूनच टाकू नका. ते गेले की सगळी पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

भाऊ रीळही आणणार असतील तर फिरवायची मूठ डावीकडे की उजवीकडे हे आत्ताच ठरवा, बेटकास्टिंग रिळीची मूठ नंतर दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. आणि त्यांनी निवडलेल्या रॉडच्या लेबलाचा आणि बंद लांबीचा फोटो ऑर्डर देण्याआधी इथे टाका, बघून सांगतो.