प्रश्नोत्तरे : साखळदंडाचा देखावा आणि प्रेसवर परतलेला ऑपरेटर

प्रश्न : आमचं पंचवटीतलं गणेशोत्सव मंडळ. यंदा मानसिक आजारावर देखावा करायचं ठरतंय. साखळदंडानं बांधलेला रुग्ण, भोंदूबाबा, मग डॉक्टर आणि शेवटी बरा झालेला मुलगा असे चार प्रसंग आहेत. याचा उपयोग होईल का?
– एक कार्यकर्ता, पंचवटी

उत्तर : परिणाम होईल, पण उलटा. लोक देखाव्यापुढे तीन-चार मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि पुढच्या मंडळाकडे सरकतात. डोक्यात राहतो तो पहिला प्रसंग : विस्कटलेले केस, फाटका सदरा, वटारलेले डोळे. डॉक्टर येईपर्यंत निम्मी गर्दी निघून गेलेली असते. त्याच गर्दीत गोळ्या चालू असलेला कुणीतरी असतोच. तो हे पाहून आणखी गप्प होतो.

मग देखाव्याऐवजी डॉक्टरांचं भाषण ठेवलं जातं. ‘हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे, मधुमेहासारखाच’ हे वाक्य त्यात हमखास येतं. त्यानं रुग्णाला दोष देणं थोडं कमी होतं. मात्र त्याच्यापासून लांब राहायची इच्छा कमी होत नाही, काही पाहण्यांत ती वाढलेलीच दिसली. ‘मेंदूच बिघडलाय म्हणजे आता कायमचंच’ असा अर्थ लोक लावतात. फरक पडतो तो आजारातून गेलेल्या माणसाशी समोरासमोर बोलल्यानं. मानसिक आजाराबद्दलचा भेदभाव कसा संपवावा यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२२ मध्ये अहवाल दिला, त्याचा भरही याच गोष्टीवर आहे.

तेव्हा दहा दिवसांतली एक संध्याकाळ राखून ठेवा. आरतीनंतर तीस-चाळीस खुर्च्या गोलात मांडा, स्टेज नको. बोलणाऱ्याला दहा-बारा मिनिटं, प्रश्नांना वीस-पंचवीस. वक्ता मिळवण्यासाठी शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांना निरोप द्या. ते तुम्हाला रुग्णाचं नाव देणार नाहीत, आणि देऊही नये. ते रुग्णाला विचारतील आणि तयार असेल तो तुम्हाला फोन करेल. स्वतःच्याच गल्लीत बोलायचा आग्रह धरू नका. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात त्यालाच उभं राहायचं असतं.

तयारीसाठी दोन बैठका हव्यात. एका कागदावर दोन रकाने पाडा : सांगायचं आणि न सांगायचं. घरात कुणाला आजार माहीत आहे आणि कुणाला नाही, हेही आधीच बोलून घ्या. सासरच्यांना ही गोष्ट मंडपात कळणं वाईट. आजाराच्या दिवसांना दोन मिनिटं पुरतात. उरलेला वेळ परतण्याला द्या : झोप कशी बसली, गोळ्यांनी वजन वाढलं तेव्हा काय केलं, पुन्हा रिक्षा कधी चालवायला घेतली. ऐन वेळी माघार घ्यायचा हक्क त्याला आहे, म्हणून दुसरा वक्ता तयार ठेवा. ढोल-ताशा पथकाला सुपारी देता, तसं यालाही मानधन द्या. फुकट बोलायला लावणं हाही अपमानच.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. माईक गर्दीत फिरला की ‘तुम्ही कुणाला मारलं होतं का?’ हा प्रश्न पहिल्या पाचांत येतो. सूत्रसंचालकानं चिठ्ठ्या वाचून निवडाव्यात. मोबाईलवर चित्रीकरण नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार संस्थेत उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय प्रसारमाध्यमांत छापता येत नाही. मंडळाच्या इन्स्टाग्रामलाही हाच नियम लावा.

कार्यक्रम संपला की लगेच खुर्च्या उचलू नका. खरं विचारायचं असतं ते लोक दिवे मालवायला लागल्यावर जवळ येतात. दोन जाणती माणसं कोपऱ्यात बसवा आणि हाताशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवा (चोवीस तास, मराठीतही). सिव्हिल हॉस्पिटलचा पत्ता देणार असाल तर मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते ते आधी स्वतः जाऊन पाहा. चुकीच्या वारी रांगेत उभा राहिलेला माणूस पुन्हा येत नाही.

एका संध्याकाळचा परिणाम ओसरतो. नवरात्रात आणि शिवजयंतीला पुन्हा बसा. आधी, नंतर आणि तीन महिन्यांनी तेच तीन प्रश्न चिठ्ठीवर विचारा : मानसिक आजार झालेल्याला खोली भाड्यानं द्याल का? त्याच्यासोबत काम कराल का? शेजारी चालेल का? टाळ्या मोजून काही कळत नाही.

प्रश्न : अंबडला आमचं प्रेस शॉप आहे, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रांवर पत्र्याचे भाग बनवायचा कारखाना. एक ऑपरेटर बायपोलर आजाराच्या (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य) उपचारानंतर दोन महिन्यांनी परत आलाय, फिट सर्टिफिकेट आहे. बाकीचे म्हणतात, ‘त्याला प्रेसवर नको.’
– एक लघुउद्योजक

उत्तर : नुसत्या सर्टिफिकेटवर थांबू नका. ऑपरेटरची संमती घेऊन त्याच्या डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा : रात्रपाळी, यंत्र आणि उष्णता. आजाराचा तपशील तुम्हाला लागत नाही. बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उसळू शकतो, म्हणून सुरुवातीला कायम पहिली पाळी द्या. लिथियम हे या आजारावरचं औषध चालू असेल तर घाम जास्त आणि पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रथमोपचार पेटीतली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकंही त्याला परस्पर देऊ नका, त्यांनीही हे प्रमाण वाढतं.

गोळ्यांनी सकाळी गुंगी येत असेल तर ती उतरेपर्यंत प्रेस नको. मात्र ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून त्याला कायमचं पॅकिंगला बसवलंत तर तो भेदभावच, फक्त गोड शब्दांतला. यंत्राचे गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण) आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणं जागेवर आहेत ना, ते पाहा. ती सगळ्यांसाठीच असतात.

इतरांना काय सांगायचं ते आधी त्यालाच विचारा. सुपरवायझरला एवढंच पुरे : ‘तो आजारी होता, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिलीय.’ शॉपमध्ये ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे विनोद चालू असतील तर ते त्याच आठवड्यात बंद करा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार आहे, आणि समान संधी धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनेलाही लागू आहे.

प्रश्न : मेडिक्लेम कंपनीनं नैराश्याचा दावा ‘मानसिक आजार’ म्हणून फोनवरच नाकारला. काय करू?
– वाचक, सिडको

उत्तर : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच आधारावर विमा द्यायचा आहे. म्हणजे प्रतीक्षा काळ वगैरे पॉलिसीच्या इतर अटी लागू राहतील, पण ‘मानसिक आहे म्हणून नाही’ हे उत्तर चालत नाही. फोनवरचा नकार धरू नका. कारण आणि पॉलिसीचं कलम ईमेलवर लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत डिस्चार्ज कार्ड, बिलं, पॉलिसीची पूर्ण प्रत आणि नकाराचं पत्र जोडा. पॉलिसीचं फक्त पहिलं पान जोडणारे पुष्कळ असतात, अटी असतात आतल्या पानांवर.