वाचकांचे प्रश्न : उभ्या आसनांची सलग मालिका

प्रश्न : माझे वय ४७ आहे. आमच्या योगवर्गात वीरभद्रासन २, उत्थित पार्श्वकोनासन, उत्थित त्रिकोणासन, अर्धचंद्रासन आणि वीरभद्रासन ३ ही आसने न थांबता एकामागून एक करून घेतात. घरी हा सराव करताना मला दम लागतो आणि पुढच्या गुडघ्याची आतली बाजू दुखते. मालिका बंद करून आसने सुटी करावीत का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : मालिका कायमची सोडण्याचे कारण नाही, मात्र गुडघा दुखायचा थांबेपर्यंत प्रत्येक आसन सुटे करावे, कारण अशा दुखण्याचे मूळ बहुधा पहिल्याच आसनात असते. वीरभद्रासन २ मध्ये, म्हणजे पाय लांब फाकवून पुढचा गुडघा वाकवलेल्या आसनात, पुढचे पाऊल ९० अंशांत बाहेर वळवले, पण मांडी खुब्यापासून तितकी फिरली नाही, तर गुडघा अंगठ्याच्या बाजूला झुकतो आणि त्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. गुडघा घोट्याच्या बरोबर वर आणि पावलाच्या मधल्या बोटांच्या रोखाने राहिला पाहिजे. आरशासमोर उभे राहून हे तपासावे. पार्श्वकोनासनात धड खाली गेल्यावर गुडघा अधिकच आत येऊ पाहतो, म्हणून तळहात जमिनीला टेकवण्याचा हट्ट न धरता कोपर मांडीवर ठेवावे किंवा हाताखाली लाकडी वीट घ्यावी.

त्रिकोणासनाकडे जाताना पावलांमधले अंतरही बदलावे लागते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी वीरभद्रासन २ आणि पार्श्वकोनासनासाठी ४ ते साडेचार फूट, तर त्रिकोणासनासाठी ३ ते साडेतीन फूट अंतर सांगितले आहे. सलग सरावात हा फरक सहज विसरला जातो. गुडघा सरळ करताना मागचे पाऊल थोडे जवळ घ्यावे, मांडीचे स्नायू वर खेचावेत आणि गुडघा मागे ढकलू नये.

अर्धचंद्रासनातून थेट वीरभद्रासन ३ मध्ये जाणे मात्र आपण वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींत एकाच पायावर तोल सांभाळायचा असतो. पहिल्या आसनात कंबर बाजूला उघडलेली असते, तर दुसऱ्यात तिच्या दोन्ही बाजू जमिनीकडे वळलेल्या असतात. साहजिकच शरीराचा सगळा भार पेलणाऱ्या एकाच खुब्यावर ओटीपोटाचा संपूर्ण घेर फिरवावा लागतो, आणि तोल जाऊ लागला की ही पीळ गुडघ्यापर्यंत उतरते. त्याऐवजी उभ्या पायाचा गुडघा वाकवून मागचे पाऊल जमिनीवर आणावे, ताडासनात (पाय जुळवून सरळ उभे) यावे आणि वीरभद्रासन १ करून मग वीरभद्रासन ३ मध्ये जावे. यात प्रवाह तुटल्यासारखा वाटेल, पण कंबर आधीच समोर वळलेली असल्यामुळे खुबा सुरक्षित राहतो.

दम लागण्याचे कारण बहुतेक वेळा आसनांमधल्या घाईत असते. उठताना श्वास घ्यावा, वाकताना सोडावा आणि एका आसनातून दुसऱ्यात जाण्यास एक पूर्ण श्वास द्यावा. म्हैसूरचे योगगुरू पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीत उभ्या आसनात साधारणपणे पाच श्वास थांबतात. आपण तीनपासून सुरुवात करावी. नाकाने श्वास पुरेनासा झाला की मालिका तेथेच थांबवून ताडासनात उभे राहावे, आणि तो पूर्ववत झाल्याशिवाय दुसरी बाजू सुरू करू नये. रक्तदाब वाढलेला असेल तर हात डोक्यावर न नेता कमरेवर ठेवावेत व वैद्यकीय सल्ला घ्यावा. गुडघ्याला सूज असेल किंवा विश्रांतीनंतरही दुखत असेल, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : अशी मालिका सूर्यनमस्कारांच्या आधी करावी की नंतर?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : नंतर. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार स्वतंत्र व्यायाम म्हणून केला आणि तसे ते आहेतच. परंतु उभ्या आसनांपूर्वी अंग मोकळे करण्यासाठी तीन ते पाच संथ नमस्कार पुरतात. त्यांनीच थकवा आला, तर वीरभद्रासनात पाय थरथरतात आणि गुडघ्याकडे दुर्लक्ष होते.