डिव्हिजन थ्री फुटबॉल, अर्ली डिसिजन आणि आमचा पुण्याचा फ्लॅट

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि २०१८ चा डिसेंबर डोळ्यासमोर आला. तुमचा अकरावीतला मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळतो, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (बॉलवाल्याला समोरच्यांपासून वाचवणारी फळी), जीपीए (मार्कांची सरासरी) ३.८. तीन कोचेसची पत्रं आलीत: एक नेस्कॅकमधलं (ईशान्येतल्या नावाजलेल्या छोट्या कॉलेजांचा गट), एक ओहायोतल्या कॉन्फरन्समधलं (तोही कॉलेजांचा गट), एक इंजिनिअरिंग कॉलेजचं. नेस्कॅकचा कोच म्हणतोय "तू आमच्या यादीत वर आहेस, अर्ली डिसिजनने अर्ज टाक" (म्हणजे लवकर अर्ज, आणि घेतलं तर तिथेच येईन असं वचन), आणि तुम्ही विचारताय की तिघांत चांगलं कोणतं आणि फॉर्मवर सही करावी का. आमच्या घरात हेच सगळं झालं होतं. फक्त आमचा लाँग स्नॅपर होता. म्हणजे पंटच्या वेळी (बॉल लांब लाथाडतात तेव्हा) पायांमधून पंधरा यार्ड मागे बॉल फेकतो तो. त्याला टीव्हीवर कोणी ओळखत नाही. चुकला तरच ओळखतात.

डिव्हिजन थ्रीत (कॉलेज खेळांची तिसरी पातळी) खेळाची स्कॉलरशिप नसते, हडलचा (कोचेसना खेळ दाखवायची साइट) व्हिडिओ कसा करायचा, हे सगळं तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो. आणि आधीच सांगतो, मी ना वकील ना सीए. एका मुलाचा बाप एवढाच अनुभव, तोही सात-आठ वर्षं जुना. नियम बदलतात, तपासून घ्या.

"चांगलं कोणतं" हा प्रश्नच मला तेव्हा फसवून गेला. आपल्या डोक्यात एक शिडी असते: वर अभ्यासाची कॉलेजं, खाली खेळाची. तसं काही नाही. ओहायोतल्या अलायन्स गावच्या माउंट युनियनकडे १३ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, त्यातली ११ लॅरी केहरेस कोच असतानाची. अभ्यासाच्या क्रमवारीत त्याचं नाव आपल्या पार्ट्यांमध्ये कोणी घेत नाही. जॉन्स हॉपकिन्सचं नाव सगळे घेतात, पण तिथे फुटबॉल आहे हेच अर्ध्यांना माहीत नसतं. २०१८ च्या उपांत्य सामन्यात हे दोघं एकमेकांसमोर होते आणि माउंट युनियन जिंकलं तरी सामना एकतर्फी झाला नाही. उलट शिकागो विद्यापीठ बघा. पहिली हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूची) १९३५ साली त्यांच्याच जे बर्वँगरला मिळाली, १९३९ ला त्यांनी फुटबॉल बंदच केला आणि १९६९ ला परत आणला तो लहान प्रमाणावर. स्वार्थमोर कॉलेजने २००० साली बंद केला तो कायमचा. तेव्हा कॉलेजचं नाव मोठं म्हणजे तिथे फुटबॉलला घट्ट जागा आहे, असं गृहीत धरू नका.

तुमच्या तिघांतला खरा फरक मला वाटतो तो पैशाच्या पद्धतीत आहे, आणि हे कोणी सांगत नाही. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, बोडिन, मिडलबरी ही मंडळी गुणवत्तेवर पैसे देत नाहीत, फक्त गरज बघून देतात. गरज किती ते त्यांचं ऑफिस ठरवतं, तुम्ही नाही. ओहायोतली बरीच खाजगी कॉलेजं मात्र मार्कांवर सरळ सूट देतात. कागदावरची फी आणि प्रत्यक्ष भरायची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझ्यासारख्या मधल्या माणसाला, म्हणजे पगार बरा पण शिल्लक नाही, हे दोन वेगळे देश आहेत.

आता आमची चूक. २०१८ च्या जुलैत कोचने मुलाचे मार्क आणि सॅटचा स्कोअर ॲडमिशन ऑफिसकडे प्री-रीडला (अर्जाआधीच्या चाळणीला) पाठवले. दोन आठवड्यांनी फोन: "ग्रीन आहे, मी तुझ्या पाठीशी आहे." आम्ही त्या रात्री बाहेर जेवायला गेलो. ऑगस्टमध्ये मी कॉलेजच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरले. पगार, न्यू जर्सीतलं घर, बँकेतले पैसे. वर्षाला साधारण ३१ हजार डॉलर पडतील असं आलं, तेव्हा पूर्ण खर्च ७० हजारांच्या पुढे होता. जमेल म्हटलं. ऑक्टोबरअखेर मुलाने, बायकोने आणि शाळेच्या काउन्सेलरने अर्ली डिसिजनच्या करारावर सह्या केल्या. बाकीच्या दोन कोचेसना मुलाने स्वतः फोन करून नम्रपणे नाही सांगितलं. मला अभिमान वाटला होता.

कॅल्क्युलेटरमध्ये मी पुण्याचा फ्लॅट लिहिला नव्हता. लपवायचं म्हणून नाही, डोक्यातच आला नाही. सहकारनगरमधला वडिलांचा फ्लॅट. ते गेल्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं लागली. आई तिथे राहते. माझ्या लेखी ते आईचं घर.

नोव्हेंबरात सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या मदतीसाठी उत्पन्न-मालमत्तेचा फॉर्म) भरताना प्रश्न आला: इतर स्थावर मालमत्ता? तेव्हा आठवलं. आणि मी प्रामाणिकपणाच्या भरात मूर्खपणा केला. भावाला विचारलं, त्याने एजंटला विचारलं, एजंटने (तो काय कमी सांगणार) पावणेदोन कोटी सांगितले. मी भागिले ७१ (डॉलरचा तेव्हाचा भाव) करून अडीच लाख डॉलरच्या आसपासचा आकडा पूर्ण टाकला. माझा हिस्सा एक तृतीयांश आहे, आई राहते, तो विकता येत नाही, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. खाली खुलाशासाठी जागा होती. रिकामी सोडली.

डिसेंबरच्या मध्यावर पत्र आलं. प्रवेश मिळाला. आणि वर्षाला ४३ हजार भरा. अशा मालमत्तेच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम ते दरवर्षीच्या तुमच्या वाट्यात धरतात, हिशेब करून बघा, जुळतो. चार वर्षांचे ४८ हजार डॉलर माझ्या एका रिकाम्या चौकटीने वाढवले.

फायनान्शियल एड ऑफिसला फोन केला. नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही, न्यू इंग्लंडात आहे एवढं पुरे. पहिल्या बाईंनी सांगितलं, मालकीचा पुरावा पाठवा. भावाने इंडेक्स टू (मालमत्तेच्या नोंदणीचा उतारा) काढून स्कॅन केला. उत्तर चार दिवसांनी: हे आम्हाला वाचता येत नाही. बरोबरच आहे, मराठीत होतं. प्रमाणित भाषांतर पाठवा. भावाने लक्ष्मी रोडवरून करून आणलं, नोटरीसकट. तोवर नाताळची सुट्टी. ऑफिस बंद. जानेवारीत दुसरे गृहस्थ, त्यांच्याकडे फाइलच नाही. परत पाठवलं. मग म्हणाले, मूल्यांकन हवं, एजंटचं नको, सरकारी नोंदणीकृत व्हॅल्युअरचं. तेही केलं. मग "समितीपुढे ठेवू". मी कोचला फोन केला. त्याचं उत्तर अजून कानात आहे: "सर, त्या इमारतीत माझं काही चालत नाही." तो खोटं बोलला नव्हता. जुलैत त्याने प्रवेशाबद्दल सांगितलं होतं, पैशाबद्दल आम्ही विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. कॉलेज एक असलं तरी कोच, ॲडमिशन आणि पैसे ही तीन वेगवेगळी संस्थानं आहेत, आणि एकाचा हुकूम दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही.

जानेवारीच्या शेवटी समितीने ३ हजार कमी केले. आम्ही करारातून सुटका मागितली. मदत अपुरी असेल तर अर्ली डिसिजनमधून सोडतात, तशी तरतूद आहे, त्यात लाज वाटून घेऊ नका. पण तोवर ज्या दोन कोचेसना मुलाने नाही सांगितलं होतं त्यांनी स्नॅपर घेतला होता. एका संघाला स्नॅपर लागतात किती? एक. फार तर दोन. तुमचा मुलगा लाइनमध्ये आहे, त्यांच्या जागा जास्त असतात, तेवढं तुमचं नशीब आमच्यापेक्षा बरं.

म्हणून माझं (फक्त माझं) मत: सही करण्याआधी कोचला दोन प्रश्न मुलानेच विचारावेत, तुम्ही नाही. पहिला, "ॲडमिशन ऑफिसकडे तुमचा पूर्ण पाठिंबा मला आहे का, की मी यादीत फक्त वर आहे?" तुमच्या पोस्टमधलं "यादीत वर" हे वाक्य मला आवडलं नाही. यादीत वर साठ जण असू शकतात. दुसरा, "फायनान्शियल एड ऑफिस आमचे कागद आत्ता बघून अंदाज देईल का?" बरीच कॉलेजं देतात, मागावा लागतो. त्या कागदांत भारतातलं सगळं घाला. शेत, फ्लॅट, सासरचा हिस्सा. मालकी किती टक्के, कोण राहतं, विकता येतं का, हे पहिल्या दिवशी लिहा. फक्त फाफ्सा (सरकारी मदतीचा फॉर्म) मागणाऱ्या कॉलेजातही भारतातला फ्लॅट सुटत नाही हं, तिथे फक्त तुमचं राहतं घर धरत नाहीत. लपवा असं मी म्हणत नाहीये. कोणी तसा सल्ला देईल, ऐकू नका.

इंजिनिअरिंगच्या कॉलेजबद्दल: दुपारच्या लॅब आणि सराव यांची टक्कर होते. एमआयटीत संध्याकाळी ५ ते ७ तास ठेवत नाहीत, सगळीकडे तसं नसतं. "तुमच्या संघात मेकॅनिकलचे तिसऱ्या वर्षाला किती आहेत" असं विचारा. आकडा सांगताना कोच अडखळला तर समजा.

ओहायोच्या कॉलेजचा रोस्टर (खेळाडूंची यादी) वेबसाइटवर उघडा आणि मोजा. पहिल्या वर्षाला ४५ आणि शेवटच्या वर्षाला १२ असतील तर बाकीचे कुठे गेले? हजारभर विद्यार्थ्यांच्या काही कॉलेजांत फुटबॉल हा मुलगे आणून वर्ग भरण्याचा मार्ग असतो, कोचला वर्षाला इतकी मुलं आण असं सांगितलेलं असतं. तिथे "तू आम्हाला हवा आहेस" हे खरंच असतं, पण कशासाठी हवा आहे ते वेगळं. सगळीच ओहायो कॉलेजं तशी नाहीत, भांडू नका माझ्याशी. विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांत, व्हाइटवॉटर वगैरे, राज्यातल्या मुलाला फीही कमी आणि फुटबॉलही अव्वल, पण तुम्ही तिथे राहत नाही, सोडा.

नेस्कॅकचा सीझन छोटा असतो, २०१७ पासून नऊ सामने, त्याआधी आठच. आम्ही शोधत होतो तेव्हा ते प्लेऑफलाही (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद सामन्यांना) जात नव्हते. मुलाला डिसेंबरपर्यंत खेळायचं असेल तर आता काय नियम आहे ते आधी विचारून घ्या. आमच्याला चाललं असतं, त्याची आई तर खूश होती. आणि कुठेही गेला तरी कॅम्प ऑगस्टात सुरू होतो, म्हणजे पुढची चार वर्षं गणपतीला भारतात जाणं विसरा. तिकिटं जूनची काढा.

आमचं पुढे काय झालं विचारलंत तर: पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजने रेग्युलरमध्ये (नेहमीच्या मुदतीत) घेतलं, मार्कांवर बऱ्यापैकी सूट दिली. कोचला माहीतही नव्हतं हा येतोय. ऑगस्टात जाऊन ट्रायआउट दिला, पंधरा यार्डांना पाऊण सेकंदाच्या आत बॉल पोचवत होता, ठेवून घेतला. २०२० चा सीझन कोविडने गेला. बाकी तीन खेळला, एकदा पंटरच्या डोक्यावरून टाकला तो अजून मित्र काढतात.

इंडेक्स टूच्या इंग्रजी भाषांतराचा नमुना माझ्याकडे आहे, नावं-पत्ते खोडून पाठवतो. तुमच्या नावावर भारतात काय काय आहे ते आजच सासूबाईंना फोन करून विचारा, जुलैच्या आधी. आम्हाला भावाचं एक पार्किंगही नंतर सापडलं होतं.